नऊ नंबरची स्क्रीन

३ सप्टेंबर

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज जातो, पण पोचल्याची खूणही उमटत नाही, म्हणजे मला ब्लॉक केलं आहेस हे उघड आहे. म्हणून हा कागद. फाडायच्या आधी निदान चार ओळी वाच. याआधीचं पत्र मी तुला नर्सिंगच्या होस्टेलवर लिहिलं होतं आणि तेही आईने डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं होतं. आज डोक्यावर कुणी उभं नाही, तरी घाम फुटलाय.

त्या रविवारी जेवताना जे बोललो त्याबद्दल माफी मागतो. "ताई, आता नजर कमी झाली हे मान्य कर, त्यात कसली लाज," हे मी भावोजींसमोर, मुलांसमोर म्हणायला नको होतं. तुला निलंबित करून तीनच दिवस झाले होते. तू ताट तसंच ठेवून उठलीस, आणि मी वर "खरं बोललं की राग येतो" असंही म्हणालो. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

पण मी तुझ्या भल्यासाठीच बोलत होतो गं. निष्काळजीपणा ठरला तर नोकरी जाईल, नर्सची नोंदणीही रद्द होईल. नजरेचा दोष ठरला तर चष्मा लावून परत जाता येईल, असं माझ्या डोक्यात होतं. एकोणीस वर्षांत तुझ्या हातून साधी गोळी चुकली नाही. एका दिवशी औषध सोडणाऱ्या पंपावर तासाला दीडऐवजी पंधराचा वेग लावलास आणि सगळं धुळीला मिळालं. त्याला काहीतरी कारण हवं ना?

चौकशी समिती २६ तारखेला बसणार असं भावोजींकडून कळलं. म्हणजे तेवीस दिवस आहेत.

दोन-तीन गोष्टी सहज विचारतो. तो आकडा तू नऊ नंबरच्या खाटेजवळच्या स्क्रीनवरच वाचलास ना, कागदावर नाही? औषधाची ओळ लाल पट्टीत होती का? आणि ती स्क्रीन भिंतीवर कशी लावली आहे, तिची वायर वरून येते की खालून? उगाच विचारतोय. त्या स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं आहे हे तुला माहीत आहेच, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

ज्यांना ते औषध गेलं ते सुतारकाका आता बरे आहेत असं ऐकलं. तीन दिवस अतिदक्षतेत होते म्हणे. डॉक्टरांचं वेळेत लक्ष गेलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी करतच नाही.

डोळे तेवढे तपासून घे. रिपोर्ट समितीपुढे ठेवता येईल.

तुझा बारक्या


८ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. मला ते अपेक्षितच होतं, तरी रोज संध्याकाळी टपालपेटीत हात घालून बघतो.

राहवलं नाही म्हणून काल तुझ्या वॉर्डात जाऊन आलो. दारावरच्या रखवालदाराला "कंपनीकडून नेहमीची तपासणी" असं ठोकून दिलं. तुझ्या जागी आलेली नवी सिस्टर माझ्याकडे दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचं नाक सिस्टरांसारखंच आहे हो." मी नाक शिंकरायचं नाटक करत पुढे सटकलो.

चोवीस खाटा आहेत आणि चोवीस स्क्रीन. तेवीस स्क्रीनची वायर खालून येते. नऊ नंबरच्या खाली ऑक्सिजनची नळी आडवी गेली आहे, खाली वायरला जागाच नाही. तिथे कुणीतरी स्क्रीन उचलून उलटी टांगली आहे, वरची बाजू खाली. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्र फिरवून सुलटं केलंय. समोरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. मी खिशातून भिंग काढून काचेला नाक लावलं, तर खाटेवरच्या आजींना वाटलं मी कोळी शोधतोय. "तिकडे वर आहे बघा," असं त्यांनी मला छत दाखवून सांगितलं.

ताई, आकड्यांच्या कडांना रंग होता. डावीकडे निळसर, उजवीकडे तांबूस.

तुला मी नेमकं काय करतो ते कधी नीट सांगितलं नाही. तू लोकांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळी होतेस, जसं काही मी आत जाऊन बसतो. मी स्क्रीनवरची अक्षरं रेखीव करतो. स्क्रीन म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनात तीन उभ्या पट्ट्या असतात. डावीकडे लाल, मध्ये हिरवी, उजवीकडे निळी. तिन्ही पेटल्या की पांढरं दिसतं. साधं सॉफ्टवेअर अख्ख्या चौकोनाच्या हिशेबाने अक्षर काढतं, म्हणून बारीक अक्षर एकतर पायऱ्यापायऱ्यांचं नाहीतर धुरकट दिसतं. माझं सॉफ्टवेअर पट्ट्या मोजतं. अक्षराची कड चौकोनाच्या पहिल्या एक तृतीयांशावर संपत असेल तर तेवढी एकच पट्टी पेटवायची. पट्ट्या इतक्या बारीक की डोळ्याला रंग जाणवत नाही, अक्षराची धार तेवढी जाणवते. लांबून वाचणाऱ्या नर्सला त्याचा फायदा होतो, असं आमच्या माहितीपत्रकात छापलं आहे. ते वाक्य माझंच आहे.

पण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. लाल डावीकडे असली पाहिजे. स्क्रीन उलटी टांगली की लाल उजवीकडे जाते. चित्र फिरवता येतं, पट्ट्या फिरवता येत नाहीत, त्या काचेतच बसवलेल्या असतात. मग शेजारीशेजारी पेटायच्या पट्ट्या एकमेकींपासून लांब पडतात. मोठ्या आकड्याला त्याने फक्त रंगीत झालर येते. दशांशाचं टिंब मात्र जेमतेम एका चौकोनाएवढं, त्याच्या चिंध्याच होतात. त्यातून औषधाच्या अख्ख्या ओळीमागे लाल रंग असेल, म्हणजे मागची लाल आधीच पेटलेली असेल, तर टिंबाचा एक कण गुलाबी आणि एक पिवळट होऊन त्या लालात मिसळून जातो, आणि १.५ चं १५ दिसतं. आणि ओळीमागे लाल रंग आम्ही देतो तो नेमका जोखमीच्या औषधांना.

वायरमनला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, मीच टांगली. वर्ष होऊन गेलं, कुणी तक्रार केली नाही." म्हणजे चूक त्याची आहे, तुझी नाही. समितीला सांग की वायरमनला बोलवा. हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

निघताना मेट्रनबाईंना सांगितलं की नऊ नंबरची स्क्रीन बंद ठेवा आणि तिथली औषधं कागदावरून वाचा. त्यांनी कारण विचारलं. मी "वायर" म्हणालो.

बारक्या


१३ सप्टेंबर

ताई,

भावोजींनी तुझ्या डोळ्यांच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ लिहिली होती, "तुझ्या माहितीसाठी." दोन्ही डोळे उत्तम. चाळीशीचासुद्धा नंबर नाही. रिपोर्ट वाचून मला कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं आणि ते योग्यच झालं.

मागच्या पत्रात वायरमनवर ढकललं ते परत घेतो. ते पत्र समितीला दाखवलं नसशील तर दाखवू नकोस. त्या माणसाने स्क्रीन जागेत बसेल तशी बसवली. त्याला कुणी सांगितलं होतं की काचेच्या आत पट्ट्या असतात? सांगायचं काम माझ्या सॉफ्टवेअरचं होतं. स्क्रीन कुठल्या बाजूने टांगली आहे हे सॉफ्टवेअरने आधी विचारायचं आणि उलटी असेल तर पट्ट्यांचा क्रम उलटा धरायचा. हे विचारणारी ओळ मी लिहिली होती. दोन वर्षांपूर्वीच लिहिली होती, ताई. आणि मीच बंद करून ठेवली.

झालं असं की ती ओळ प्रत्येक अक्षरामागे विचारत बसायची, त्यामुळे यादी वरखाली सरकवताना हिसके बसायचे. मोठ्या हॉस्पिटलचे लोक बघायला येणार होते. मालक म्हणाले, "लोण्यासारखं सरकलं पाहिजे." मी ती ओळ बंद केली आणि शेजारी लिहून ठेवलं, "नंतर बघू." उलटी स्क्रीन कोण टांगतो, असं मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो होतो. सगळे हसले होते. आमच्या ऑफिसातल्या चाचणीच्या चौदाच्या चौदा स्क्रीन टेबलावर सरळ उभ्या असतात.

परवा मी एक स्क्रीन उलटी केली, चित्र फिरवलं आणि सुतारकाकांच्या औषधाचं तेच नाव, तीच मात्रा टाकली. नाव तेच हवं होतं, कारण आधीच्या अक्षरांच्या लांबीवर टिंब कुठल्या पट्टीवर पडणार ते ठरतं. म्हणूनच हे रोज घडत नव्हतं. मग आमच्या चाचणी करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांची नजर घारीची आहे. चार पावलांवरून त्यांनी वाचलं, "पंधरा." मी पुन्हा वाचायला सांगितलं. "अहो पंधरा, किती वेळा सांगू?"

त्यानंतर थेट मालकांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दुरुस्ती आजच पाठव. बदलांच्या नोंदीत 'किरकोळ सुधारणा' लिही. बाकी २६ तारीख उलटू दे, मग बघू."

आता माझी कोंडी बघ. दुरुस्ती अडवून धरली तर आमचं सॉफ्टवेअर असलेल्या अकरा हॉस्पिटलांत आणखी कुठे उलटी स्क्रीन असेल, तिथे दुसऱ्या कुणाच्या बापाच्या हातात सुई असेल. दुरुस्ती पाठवली तर तुझ्या वॉर्डातलं टिंब लख्ख दिसायला लागेल, समितीने तिथे जाऊन कितीही बघितलं तरी. दीड तास मी बोट बटणावर ठेवून बसलो होतो. शेवटी पाठवली. तूही हेच केलं असतंस, असं मी स्वतःला सांगतोय. पण तुझा पुरावा माझ्या हाताने पुसला गेला, हेही खरं आहे.

जुनं सॉफ्टवेअर ऑफिसात जपून ठेवलेलं असतं. ते बाहेर न्यायला बंदी आहे.

तू विचारशील, मग तू स्वतः येऊन का सांगत नाहीस? तू विचारणार नाहीस, मला माहीत आहे, तू बोलतच नाहीस. पण मीच मला विचारतोय आणि माझी गाळण उडते आहे. ज्याच्या टिंबापायी माणूस मरता मरता वाचला, त्याला पुन्हा कोण कामावर ठेवेल? मला दुसरं काही येतही नाही. बघतो. येईनच असं वचन देत नाही.

बारक्या


१९ सप्टेंबर

ताई,

भावोजींना फोन केला होता. ते बोलायला तयार नव्हते, पण शेवटी बोलले. समितीने तुला परवा प्राथमिक जबाबासाठी बोलावलं होतं आणि विचारलं होतं, "स्क्रीन नीट दिसत नाही अशी तक्रार तुम्ही आधी कुणाकडे केली होती का?" आणि तू म्हणालीस, "नाही, कुणाकडेच नाही." तसं लिहून सहीसुद्धा दिलीस.

ताई, का?

तीन पत्रं झाली आणि मी एका गोष्टीला मुद्दाम वळसा घालत आलोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू माझी वाट बघत होतीस का, मी कधी ते लिहितोय याची? आता लिहितो. अकरा जानेवारीला, दुपारी, तू मला वॉर्डातून फोन केला होतास. मागे कुणाच्या तरी मॉनिटरची टिकटिक चालू होती. तू म्हणालीस, "अरे बारक्या, नऊ नंबरवर तुझ्या आकड्यांना लाल-निळी झालर आली आहे. टिंब कधी दिसतं, कधी नाही. तुझंच काम आहे ना हे? जरा बघ ना." आणि मी हसलो. म्हणालो, "ताई, चाळीशी लागली तुला. चष्मा लाव, टिंब दिसेल." तूही हसलीस. "मेल्या, तुला बघतेच," असं म्हणून फोन ठेवलास.

मी फोन ठेवला आणि विसरून गेलो.

तुझी तक्रार लेखी नव्हती हे खरं. तुमच्याकडे त्याची वही असते, तीत लिहायला हवं होतं. पण ज्याने ते सॉफ्टवेअर केलं त्यालाच तू सांगितलंस, याहून सरळ तक्रार कुठली असते? समितीपुढे एवढं बोलली असतीस तर अर्धं ओझं तिथेच उतरलं असतं. तू माझ्यावर पांघरूण घातलंस. ज्याने तुला भरल्या ताटावरून उठवलं त्याच्यावर. माझ्याशी बोलायचं नाही, माझा आवाज नको, माझं पत्र नको, पण माझी नोकरी मात्र जाऊ द्यायची नाही. हा कसला न्याय आहे तुझा?

मला तुझा राग आलाय. पहिल्यांदाच सरळ लिहितो. तू ओरडली असतीस, शिव्या घातल्या असत्यास तर मी सुटलो असतो. आता रोज सकाळी उठलो की आधी तुझी सही डोळ्यांपुढे येते. काल आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "ती लहानपणापासून तशीच. तू काच फोडायचास आणि मार ती खायची." मग पुढची जुडी हातात घेत, "किती दिवस खाणार?"

सात दिवस राहिले.

बारक्या


२५ सप्टेंबर

ताई,

हे टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून तुमच्या दाराखालून सरकवून जाणार आहे. घंटा वाजवणार नाही, घाबरू नकोस.

उद्या मी येतोय. समितीच्या अध्यक्षांना तसं लेखी कळवलं आणि त्यांचं उत्तरही आलं, साडेदहाला हजर राहा. मालकांना सकाळी सांगितलं. ते आधी समजुतीने बोलले, "भाऊ म्हणून जा, बाजूला बस, तिला धीर दे, कंपनीबद्दल तोंड उघडू नकोस." मी म्हणालो की मी जुनं सॉफ्टवेअर आणि एक स्क्रीन घेऊन जाणार आहे, अडवायचं तर अडवा. त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं, पण अडवलं नाही. चाचणीवाल्या बाई लिफ्टपर्यंत आल्या. स्क्रीन त्यांनीच जुन्या चादरीत गुंडाळून दिली.

स्क्रीन आता माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. दहा वेळा उलटी करून बघितली. दहाही वेळा टिंब गेलं. उद्या अकराव्यांदा ऐनवेळी दिसलं तर? तिथला उजेड वेगळा असेल तर? मी इतक्या लोकांपुढे कधी बोललेलो नाही, तुला माहीत आहे, शाळेत कविता म्हणताना मी तिसऱ्या ओळीवर रडलो होतो.

एक विनंती आहे. उद्या मी काहीही बोललो तरी मला थांबवू नकोस.

बारक्या


२७ सप्टेंबर

ताई,

काल तू तिथेच होतीस, मग हे सगळं परत कशाला लिहायचं? पण तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. किती पाहिलंस, किती ऐकलंस मला माहीत नाही. आणि शेवटी जे झालं त्याचं उत्तर मला द्यायचं आहे, तिथपर्यंत मला आधी पोचायला हवं.

मी स्क्रीन टेबलावर सरळ उभी केली आणि अध्यक्ष डॉक्टरांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून वाचायला सांगितलं. "दीड," ते म्हणाले. "स्पष्ट दिसतंय." मग मी स्क्रीन उलटी केली, चित्र फिरवलं. वायर दोनदा हातातून निसटली. वाचा म्हटलं. अध्यक्षांनी वाचलं, "पंधरा." खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, एक पाऊल पुढे आले. "पंधराच आहे." मेट्रनबाईंनीही पंधरा वाचलं. तिसरे सदस्य म्हणाले, मध्ये कसलासा डाग आहे, पण आकडा पंधराच. मग मी ओळ मोठी करून दाखवली आणि टिंबाच्या चिंध्या एकेक करून दाखवल्या. अध्यक्ष जागेवर जाऊन बसले.

तिथेच थांबलो असतो तर तू सुटली असतीस, ताई. बहुतेक मीही सुटलो असतो. तांत्रिक दोष, कुणालाच कल्पना नव्हती, विषय मिटला.

मग अध्यक्षांनी विचारलं, "हा दोष आधी कुणाच्या लक्षात आला नाही का? सिस्टरांच्या जबाबात तर 'नाही' असं लिहिलंय." मी म्हणालो, "आला होता. सिस्टरांच्याच. त्यांनी मला अकरा जानेवारीला फोनवर सांगितलं होतं." तू ताडकन उठलीस. "खोटं आहे, मी याला काही सांगितलं नव्हतं. हा माझा भाऊ आहे, मला वाचवायला बोलतोय." इतक्या दिवसांनी मी तुझा आवाज ऐकला तो असा. मी फोनच्या नोंदीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. अकरा जानेवारी, दोन वाजून सतरा मिनिटं, तुझा नंबर. तू हळूच खाली बसलीस.

भिंतीपाशी सुतारकाकांची मुलगी बसली होती. मी तिला आधी ओळखलं नव्हतं, मला वाटलं टिपणं घेणारी कुणी असेल. तिने अध्यक्षांकडे बघून हात वर केला आणि मग मला विचारलं, "फोन ठेवल्यावर तुम्ही काय केलंत?"

मी तुला १९ तारखेच्या पत्रात लिहिलं होतं, विसरून गेलो. तेच उत्तर जिभेवर होतं. ते खपलंही असतं, विसरायला काय पुरावा लागतो? पण ती माझ्याकडे बघत होती, अगदी साधेपणाने, रस्ता विचारावा तसं. मी म्हणालो, "मी ती फाइल उघडली. झालर म्हटल्याबरोबर मला कळलं होतं की स्क्रीन उलटी असणार. बंद केलेली ओळ दोन मिनिटांत सापडली. मग मी फाइल तशीच बंद केली." ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "ओळ चालू केली असती तर यादी पुन्हा हिसके खायला लागली असती. ते नीट करायला दोन आठवडे लागले असते. आणि आधी बंद का केली हे मालकांना सांगावं लागलं असतं." तिने विचारलं, "म्हणजे आमच्या बाबांना जे झालं ते टळलं असतं?"

मी हो म्हणालो.

तेव्हा तू खिडकीवरून नजर काढलीस.

दुपारी निकाल सांगितला. तुझं निलंबन मागे घेतलं, सोमवारपासून कामावर. खोट्या जबाबाबद्दल लेखी ताकीद. नोंदणीला धक्का नाही. माझं काय ते वेगळी समिती बघणार, आणि कंपनीचंही. मेट्रनबाई तुझ्या गळ्यात पडल्या. भावोजींनी डोळे पुसले. मी चादरीत स्क्रीन गुंडाळत राहिलो, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

बाहेर पॅसेजमध्ये तू थांबलीस. मला वाटलं, माझ्यासाठीच थांबलीस. मी जवळ आलो. तू रडत नव्हतीस आणि रागावलेलीही दिसत नव्हतीस. इतकंच म्हणालीस, "मला वाटलं होतं, तुला खरंच कळलं नव्हतं." आणि भावोजींबरोबर जिना उतरून गेलीस.

कालपासून शंभर उत्तरं जुळवली आणि सगळी फेकून दिली. सगळ्यांत "पण" होता. तू एवढ्या लोकांसमोर दोनदा खोटं बोललीस, नोकरी पणाला लावलीस, ती अशा भावासाठी, जो हसतहसत फोन ठेवून विसरून गेला होता. तो भाऊ कधी नव्हताच. तुला उत्तर द्यायचं तर एवढंच आहे.

कळलं होतं, ताई. तू फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं.

बारक्या